पीयूसी संपली, कॉलेज उघडायचंय: सीमाभागातल्या मुलांनी गणित आणि संगणकाचा पाया कसा घालावा

सेकंड पीयूसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीचा, शेवटचा पेपर मार्च-एप्रिलात संपतो आणि डिग्री कॉलेजचे वर्ग भरेपर्यंत पाऊस सुरू झालेला असतो. इंजिनिअरिंगचं तर त्याहून लांबतं. खानापूर, निपाणी, चिक्कोडी, बेळगाव तालुक्यातल्या घरांत हे दोन-अडीच महिने लग्नं, जत्रा आणि पेरणीच्या तयारीत कधी निघून जातात कळत नाही. या लेखात त्यातले फक्त आठ आठवडे मागतेय, रोज दोन तास.

मी मराठी शाळेतून एसएसएलसी, म्हणजे दहावी, झाले आणि पीयूसीला एकदम इंग्रजीत सायन्सला बसले. आता सुट्टीत गावातल्या मुलामुलींना शिकवते. इतक्या वह्या तपासल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. आपली मुलं डिग्रीच्या गणितात अडत नाहीत, ती सहावी ते नववीच्या गणितात अडतात, आणि तेही निम्म्या वेळा गणितामुळे नाही, भाषेमुळे. डिफरन्शिएशन येत असतं, पण मधल्या ओळीत अपूर्णांकांची बेरीज चुकते. उत्तर येत असतं, पण सरांनी तोंडी सांगितलेला आकडाच वहीत चुकीचा उतरतो. या दोन्ही गोष्टी सुट्टीत दुरुस्त होतात. पुढे सेमिस्टर सुरू झाल्यावर त्यासाठी वेळ मिळत नाही.

पायरी पहिली: कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा आणि अर्धा तास बसा

कुठलंही पुस्तक उघडायच्या आधी हे दहा प्रश्न सोडवा. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा.

१. ३/४ + २/५ किती?
२. −७ − (−१२) किती?
३. २ × (३ + ४)² ÷ ७ किती?
४. ८०० रुपयांच्या वस्तूवर १५ टक्के सूट, उरलेल्या किमतीवर १८ टक्के कर. शेवटी किती द्यायचे?
५. ३क्ष − ७ = ११ − ३क्ष, तर क्ष किती?
६. २⁵ × २⁻³ किती?
७. क्ष² − ५क्ष + ६ = ० याची मुळं कोणती?
८. (१, २) आणि (४, ११) या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा चढ किती?
९. काटकोन त्रिकोणात ३०° कोनासमोरची बाजू ५ असेल तर कर्ण किती?
१०. पाया १० असताना १००० चा लॉगॅरिदम किती?

उत्तरं अशी: २३/२०, ५, १४, ८०२ रुपये ४० पैसे, ३, ४, २ आणि ३, ३, १०, ३.

गुण मोजू नका. कुठे पेन थांबलं ते बघा. पहिल्या तिनात थांबलं असेल तर सहावी-सातवीच्या पुस्तकापासून सुरुवात करा, आणि यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही. पीयूसीला ऐंशीच्या वर गुण असलेल्या मुलीही माझ्याकडे तिसऱ्या प्रश्नात चुकल्या आहेत. चार ते सहामध्ये अडलात तर आठवी, सात ते नऊमध्ये अडलात तर नववी-दहावी. फक्त दहावा चुकला असेल तर पाया ठीक आहे, तुम्ही थेट पाचव्या पायरीवर गेलात तरी चालेल.

पुस्तकांवर पैसे घालू नका. एनसीईआरटीची सगळी पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात. बालभारतीची मराठी पुस्तकंही पीडीएफमध्ये फुकट उतरवता येतात. माझा सल्ला असा की दोन्ही शेजारी ठेवा. एक प्रकरण आधी मराठीत वाचा, मग तेच इंग्रजीत. मराठीत समजलेली गोष्ट इंग्रजीत वाचताना फक्त शब्द नवे असतात, कल्पना ओळखीची असते. उलटं केलं तर शब्द आणि कल्पना, दोन्हींशी एकाच वेळी झटापट करावी लागते.

पायरी दुसरी: तीन गळक्या जागा बुजवा

पहिली गळकी जागा अपूर्णांकांची. १/२ + १/३ बरोबर २/५ असं लिहिणारी मुलं दरवर्षी भेटतात. नियम पाठ करायच्या आधी भाकरी डोळ्यासमोर आणा. अर्धी भाकरी घेतली, वर आणखी तिसरा हिस्सा घेतला. २/५ म्हणजे अर्ध्याहूनही कमी. वर भर टाकून ढीग कमी कसा होईल? उत्तर ५/६ आहे. ही "होईल का असं?" म्हणून विचारायची सवय सूत्रापेक्षा मोठी आहे, प्रत्येक उत्तरानंतर ती लावा.

इथे आपल्या भाषेने आपल्याला एक मोठी गोष्ट फुकट दिली आहे. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, पावणेतीन हे शब्द बाजारात, डेअरीवर, गुऱ्हाळावर आपण रोज वापरतो. पावणेतीन म्हणजे तीनाला पाव कमी, २.७५, हे कुणी शिकवावं लागत नाही. घरात आजी-आजोबा असतील आणि त्यांना पावकी, निमकी, सवायकी, दिडकी पाठ असेल तर त्यांच्याजवळ बसून एकदा ऐका. ते अपूर्णांकांचे पाढेच आहेत.

दुसरी गळकी जागा ऋण चिन्हाची. −३² आणि (−३)² या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत वर्ग फक्त तीनाचा, म्हणून −९. दुसरीत ऋण चिन्हासकट वर्ग, म्हणून ९. आता गंमत बघा: एक्सेलमध्ये बरोबरचं चिन्ह देऊन −३^२ टाकलं तर उत्तर ९ येतं, आणि पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत −३**२ टाकलं तर −९ येतं. यंत्रसुद्धा आपापल्या नियमाने वाचतं. म्हणून कंस घालायची सवय आत्ताच लावा.

तिसरी जागा घातांक आणि वर्गमूळ. √(९ + १६) हे ३ + ४ नाही, ते √२५ म्हणजे ५. (अ + ब)² हे अ² + ब² नाही, मधले २अब कुठे गेले? आपल्या घरच्या मापाने तपासा. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे ४३,५६० चौरस फूट, एक एकर. आता गुंठ्याची प्रत्येक बाजू दहा टक्क्यांनी वाढवा, ३६.३ फूट करा. क्षेत्रफळ किती टक्क्यांनी वाढेल? वीस नाही, एकवीस. तो जादाचा एक टक्का म्हणजे कोपऱ्यातला छोटा चौरस. वहीत आकृती काढून तो बोटाने दाखवता आला की हे सूत्र पुन्हा चुकत नाही.

या तीन जागांना मिळून तीन आठवडे द्या. घाई करू नका. रोज पंधरा गणितं, प्रत्येक ओळ पूर्ण लिहून. सीईटीत, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत, ८० मिनिटांत ६० प्रश्न सोडवायचे म्हणून पर्याय गाळत उत्तरावर उडी मारायची सवय लागलेली असते. विद्यापीठाच्या पेपरात पर्याय नसतात आणि गुण पायऱ्यांना असतात.

पायरी तिसरी: आकडे कानाने शिका

ही पायरी मार्गदर्शक पुस्तकांत सापडत नाही, पण मराठी शाळेतून आलेल्यांना तिची सर्वांत जास्त गरज असते.

मराठीत आपण एकक आधी बोलतो. सत्तावीस म्हणजे सात आणि वीस. इंग्रजीत उलटं, ट्वेंटी-सेव्हन. कन्नडही इंग्रजीसारखंच चालतं, इप्पत्तेळु, म्हणजे वीस-सात. त्यामुळे कन्नड शाळेतून आलेल्या शेजारच्या मुलाला इंग्रजी आकडा ऐकून लिहायला जो वेळ लागतो, त्यापेक्षा आपल्याला क्षणभर जास्त लागतो. आपल्या डोक्यात अंकांची अदलाबदल व्हावी लागते. त्यात एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यांची भर. पुढच्या दशकातून एक वजा करून बोललेले हे आकडे. फिफ्टी-नाईन ऐकल्यावर मनात साठ येऊन जातो आणि वहीत ६९ उतरतं. यात बुद्धीचा काही संबंध नाही, सवयीचा आहे.

सराव असा करा. घरातल्या कुणालाही, धाकट्या भावालाही चालेल, दोन आणि तीन अंकी वीस आकडे इंग्रजीत वाचायला सांगा. तुम्ही फक्त अंक लिहा, मनात मराठी करू नका. रोज पाच मिनिटं. पहिल्या आठवड्यात विसातले चार-पाच चुकतील. फिफ्टीन आणि फिफ्टी, सिक्स्टीन आणि सिक्स्टी मुद्दाम मिसळा. मग दशांश घ्या. ३.१४ ला थ्री पॉइंट वन फोर म्हणतात, पॉइंट फोर्टीन नाही. मग मोठे आकडे. दहा लाख म्हणजे एक मिलियन, शंभर कोटी म्हणजे एक बिलियन. परदेशी लेखकाच्या पुस्तकात एक लाख लिहिताना स्वल्पविराम वेगळ्या जागी असतो, १००,००० असा, तेव्हा दचकू नका.

बोलायचाही सराव करा. दोन ते वीसचे पाढे इंग्रजीत मोठ्याने म्हणा. विचित्र वाटेल. गणित मनात मराठीतच करा, त्याला कुणीही हरकत घेऊ नये. पण ऐकणं आणि सांगणं इंग्रजीत अडखळता कामा नये.

पायरी चौथी: प्रश्नातले शब्द

एक जुनी वही घ्या आणि पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे शाळेतला मराठी शब्द. न्यूमरेटर म्हणजे अंश, डिनॉमिनेटर म्हणजे छेद. क्वाड्रॅटिक इक्वेशन म्हणजे वर्गसमीकरण. पॉलिनॉमिअल म्हणजे बहुपदी, स्लोप म्हणजे चढ, फंक्शन म्हणजे फलन, डिटर्मिनंट म्हणजे निश्चयक, प्रोबॅबिलिटी म्हणजे संभाव्यता. प्रॉडक्ट म्हणजे दुकानातला माल नव्हे, गुणाकार. रूट म्हणजे मूळ, पण कधी वर्गमूळ आणि कधी समीकरणाचं उत्तर, ते वाक्यावरून ओळखायचं.

त्याहून महत्त्वाचे ते साधे शब्द, ज्यांच्याकडे कुणी लक्ष देत नाही. अॅट लीस्ट तीन म्हणजे किमान तीन, तीन किंवा जास्त. अॅट मोस्ट तीन म्हणजे जास्तीत जास्त तीन. हे दोन उलटे घेतले की संभाव्यतेचा अख्खा प्रश्न गेला. रिस्पेक्टिव्हली म्हणजे त्याच क्रमाने. हेन्स म्हणजे वर जे सिद्ध केलं तेच वापरून, नव्याने नाही. शो दॅट म्हटलं असेल तर उत्तर दिलेलंच आहे, तिथवर कसे पोचलात ते हवंय. असे साठ-सत्तर शब्द जमले की पुरे. ही वही कॉलेजात पहिलं सेमिस्टरभर बॅगेत ठेवा.

पायरी पाचवी: तुमच्या कोर्सला जे लागेल तेवढंच पुढचं

विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आपल्या बेळगावातच, मच्छेच्या बाजूला आहे, १९९८ पासून. त्याच्या इंजिनिअरिंगला निघालेल्यांना पहिल्या वर्षी कॅल्क्युलस, डिफरन्शियल इक्वेशन आणि लिनिअर अल्जिब्रा भेटतं. त्यांनी पीयूसीचं डिफरन्शिएशन, इंटिग्रेशन आणि मॅट्रिक्स पुन्हा एकदा स्वतः सोडवून बघावं. त्रिकोणमितीची सूत्रं पाठ असण्यापेक्षा एकातून दुसरं काढता आलं पाहिजे. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्यांनी हे दुप्पट गांभीर्याने घ्यावं, कारण त्यांना राहिलेलं गणित वेगळ्या पेपरातून भरून काढावं लागतं.

राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या, किंवा निपाणीकडच्यांनी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या बीकॉमला जायचं असेल तर टक्केवारी, सरळ आणि चक्रवाढ व्याज, गुणोत्तर, सरासरी, आलेख वाचणं एवढं घट्ट करा. बीएला अर्थशास्त्र किंवा भूगोल घेणाऱ्यांनाही सरासरी, मध्यक आणि प्रमाण विचलन लागतं. बीसीएला संच, तर्काचे तक्ते आणि द्विमान संख्या. द्विमान म्हणजे फक्त ० आणि १ वापरून मोजणं. २¹⁰ म्हणजे १०२४, हा आकडा लक्षात ठेवा. हजार नावांची अकारविल्हे यादी असेल आणि प्रत्येक वेळी मधलं नाव बघून निम्मी यादी टाकून देत गेलात, तर दहा वेळा बघितल्यावर हवं ते नाव सापडतं. लॉगॅरिदम कशासाठी शिकायचं, याचं उत्तर या एका उदाहरणात आहे.

पायरी सहावी: फोनवरून कीबोर्डवर या

फोन सगळ्यांना येतो. पण कॉलेजात लॅबमध्ये बसवल्यावर फाईल कुठे सेव्ह झाली हेच सापडत नाही, कारण फोन ते कधी दाखवत नाही.

घरात संगणक नसेल तर विकत घ्यायची घाई करू नका. कोर्स सुरू झाल्यावर काय लागतं ते कळतं, तेव्हा घ्या. तोवर गावातल्या ग्रामपंचायतीच्या वाचनालयात चौकशी करा. कर्नाटकात त्यांना आता अरिवु केंद्र म्हणतात आणि बऱ्याच ठिकाणी संगणक आलेत. तेही नसेल तर साधा यूएसबी कीबोर्ड आणि ओटीजीचा छोटा जोड घेऊन फोनला लावा. टायपिंग आणि स्प्रेडशीट, दोन्हींचा सराव त्यावर होतो.

पहिले दहा दिवस एवढंच करा. सेमिस्टरच्या नावाचं फोल्डर, त्यात विषयांची फोल्डरं. फाईलचं नाव असं द्या की सहा महिन्यांनी कळेल. "नवीन १", "फायनल फायनल" असलं नको, "गणित_असाइनमेंट१_तारीख" असं. एक फाईल पेनड्राईव्हवर आणि गूगल ड्राईव्हवर, दोन्हीकडे ठेवायला शिका. गूगल १५ जीबी जागा फुकट देतं. पानांचे फोटो जोडून एक पीडीएफ करा आणि तिचा आकार कमी करा, कारण अर्ज भरताना संकेतस्थळ मोठी फाईल घेत नाही. ईमेल लिहा, विषयाची ओळ रिकामी न ठेवता, खाली पूर्ण नाव आणि रोल नंबर देऊन. दहा बोटांनी टाइप करायचा सराव रोज पंधरा मिनिटं. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकलात तर आणखी चांगलं. त्यात अक्षरांची मांडणी देवनागरी आणि कन्नड दोन्हींना जवळपास सारखीच आहे, एकात हात बसला की दुसरं अर्धं आलंच.

लिबरऑफिस हे लिखाणाचं आणि स्प्रेडशीटचं सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प ते मराठीतून शिकवतो. भरमसाट फी घेणाऱ्या क्लासला नाव घालायच्या आधी हे चार दिवस बघा.

पायरी सातवी: डेअरीच्या पावत्यांची शीट

स्प्रेडशीट पुस्तकातल्या उदाहरणांनी येत नाही, घरच्या हिशोबाने येते. घरात म्हैस असेल तर डेअरीच्या पंधरा दिवसांच्या पावत्या गोळा करा. नसेल तर शेजाऱ्यांकडून मागून घ्या, त्यांना हिशोब करून द्या.

स्तंभ असे: तारीख, वेळ, लिटर, फॅट, दर, रक्कम. रक्कम हाताने लिहायची नाही. लिटर गुणिले दर असं सूत्र एकदा द्यायचं आणि खाली ओढायचं. मग एक प्रयोग करा. डेअरी लिटरमागे ठरावीक कपात करते असं धरा आणि तो आकडा वर एकाच चौकोनात लिहा. सूत्र खाली ओढलं की दुसऱ्या ओळीपासून उत्तरं बिघडतील. का? कारण सूत्र ओढताना तो पत्ताही एकेक घर खाली सरकत जातो. पत्त्यात डॉलरचं चिन्ह घातलं की तो जागीच राहतो. ही चूक एकदा स्वतःच्या हाताने होऊ द्या, मग डॉलर कधी विसरणार नाही.

आता सरासरी फॅट काढा. समजा सकाळी ६ लिटर दूध ४ फॅटचं आणि संध्याकाळी २ लिटर ५ फॅटचं. संगणकाला सरासरी विचारली तर तो ४.५ सांगेल. पण दोन्ही वेळचं दूध एकाच कॅनमध्ये ओतलं तर फॅट ४.५ लागणार नाही. ६ गुणिले ४ चोवीस, २ गुणिले ५ दहा, मिळून चौतीस, भागिले आठ लिटर, ४.२५. सकाळचं दूध जास्त, म्हणून त्याचं वजन जास्त. अशीच फसगत वेगात होते. बेळगाव ते निपाणी साधारण ७५ किलोमीटर. जाताना गाडी ताशी ६० ने गेली, येताना ५० ने आली, तर सरासरी ५५ नाही. जायला सव्वा तास, यायला दीड तास, १५० किलोमीटर पावणेतीन तासांत, म्हणजे साधारण ५४.५. बटण दाबून उत्तर मिळतं, पण कुठलं बटण दाबायचं ते गणित सांगतं. म्हणून दोन्ही विषय एकाच सुट्टीत शिकायला मी सांगते.

शीट पूर्ण झाली की तारखेप्रमाणे लिटरचा आलेख काढा. बापूंना, काकूंना दाखवा. कुठल्या दिवशी दूध का कमी झालं ते त्यांना आठवेल. डेटा वाचणं म्हणतात ते हेच.

पायरी आठवी: पायथनची ओळख, फक्त ओळख

शेवटच्या दोन आठवड्यांत ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब उघडा, काही बसवावं लागत नाही. चार छोटे प्रोग्रॅम लिहा: एकोणतीसचा पाढा छापणारा, गुंठ्यांचे चौरस फूट करणारा, वर्गसमीकरणाची मुळं काढणारा, आणि दिलेल्या आकड्यांची सरासरी काढणारा. दुसऱ्याचा प्रोग्रॅम चिकटवू नका, अक्षर अक्षर टाइप करा. चूक झाली की लाल ओळीतला शेवटचा भाग वाचा, बहुतेक वेळा कारण तिथेच लिहिलेलं असतं.

दोन गोष्टी मुद्दाम करून बघा. ०.१ + ०.२ टाका. उत्तर ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ येतं. एक दशांश हा अपूर्णांक द्विमान पद्धतीत संपत नाही, जसा आपल्या पद्धतीत एक तृतीयांश संपत नाही. म्हणून यंत्र तो जवळपास धरतं. दुसरं, साइन ३० विचारा. ०.५ ऐवजी −०.९८८ येईल, कारण पायथन कोन अंशात नाही, रेडियनमध्ये मोजतं. आधी अंशांचे रेडियन करायचे. लॅबमध्ये पहिल्याच महिन्यात या दोन जागी निम्मा वर्ग अडतो.

मध्येच: अर्ज, पोर्टल आणि नावाचं स्पेलिंग

कर्नाटकातल्या राज्य विद्यापीठांच्या डिग्रीचे प्रवेश आणि निकाल यूयूसीएमएस पोर्टलवर होतात, शिष्यवृत्ती एसएसपी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर. गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये घेऊन ठेवा. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला जायचं असेल तर तिथल्या प्रवेश नियमांत वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या उमेदवारांसाठी टाइप ई हा वेगळा प्रकार आहे. त्याला सीमाभागाचं आणि मातृभाषेचं अशी प्रमाणपत्रं लागतात, आणि ती मिळायला दिवस लागतात. मे महिन्यातच मागे लागा.

आणि नाव तपासा. आपली आडनावं मराठीतून कन्नडात आणि कन्नडातून इंग्रजीत जाताना बदलतात. एका कागदावर चव्हाण, दुसऱ्यावर चौहान. कुठे आडनाव आधी, कुठे नुसती आद्याक्षरं. माझ्या गुणपत्रिकेवर आणि आधारवर एका अक्षराचा फरक होता. त्यापायी शिष्यवृत्ती वर्षभर अडली आणि वडिलांनी तेवढ्या पैशांसाठी उसनवारी केली. एसएसएलसीचं कार्ड, पीयूसीचं कार्ड, आधार, बँक पासबुक शेजारी ठेवा आणि अक्षर अक्षर जुळवा. फरक असेल तर आधी तो दुरुस्त करा, अर्ज नंतर. खातं आधारशी जोडलेलं आहे का तेही बँकेत विचारा. अर्ज दुकानात भरून घेतलात तरी पासवर्ड तुमच्याजवळच राहू द्या आणि ओटीपी कुणाला सांगू नका.

वेळ कसा वाटायचा

सव्वा तास गणित, पाऊण तास संगणक. गणित सकाळी, वीज असो नसो चालतं. पहिले तीन आठवडे गळक्या जागा, पुढचे तीन कोर्सचं गणित, शेवटचे दोन पायथन आणि उजळणी. आकडे ऐकायचा पाच मिनिटांचा सराव आठही आठवडे. लग्नाला गेलात, दोन दिवस बुडाले तर बुडू द्या, तिसऱ्या दिवशी दुप्पट करायला जाऊ नका, फक्त पुन्हा बसा. शक्य असेल तर दोघं-तिघं मिळून बसा, त्यात एक जण तरी कन्नड शाळेतला असू द्या. त्याला मराठीतून अपूर्णांक समजावताना तुमचाच पक्का होईल, आणि सूचनाफलकावरचं कन्नड वाचायला तो तुम्हाला शिकवेल.

आठव्या आठवड्यात पहिल्या पायरीतले दहा प्रश्न आकडे बदलून पुन्हा सोडवा.

कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात सर भराभर बोलतील आणि एखादा आकडा निसटेल. तेव्हा शेजारच्याच्या वहीत डोकावू नका, हात वर करा. "सर, प्लीज राइट द नंबर ऑन द बोर्ड." हे वाक्य घरी चार-पाचदा मोठ्याने म्हणून ठेवा. सर कन्नडात बोलणारे असतील तर "सर, इन्नोम्मे हेळि." म्हणजे, सर, आणखी एकदा सांगा.